गाडीची बैठक : डौल आणि सुरक्षिततेचा हिशेब

एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या आणि एकाच रंगाच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. त्यातील एक रस्त्यावर पाय रोवून बसल्यासारखी दिसते, तर दुसरी चवड्यांवर उभी राहिल्यासारखी. इंजिन तेच, पत्रा तोच, काचाही त्याच. फरक असतो तो चाक आणि त्यावरची कमान यांच्यामधील काही मिलिमीटर पोकळीचा. मोटारशौकिनांच्या जगात या गोष्टीला 'स्टान्स' म्हणतात. मराठीत तिला गाडीची 'बैठक' म्हणता येईल.

ही बैठक सुधारण्याचे वेड आपल्याकडील शहरांत चांगलेच रुजले आहे. मुंबईत कुर्ला-कालिना भागातील सीएसटी रोड किंवा पुण्यात नाना पेठेतील दुकानांमधून रुंद रिम, बुटके टायर आणि आखूड स्प्रिंग यांची विचारणा रोजची झाली आहे. अडचण अशी की, यातील सर्वांत स्वस्त उपाय हाच बहुतेक वेळा सर्वांत धोक्याचा असतो. स्प्रिंगचा एक वेढा कापला की गाडी तासाभरात खाली बसते. पण त्याचबरोबर तिचा भार पेलण्याचा, खड्डा पचवण्याचा आणि वळणावर रस्ता धरून ठेवण्याचा हिशेबही बिघडतो. उलट, थोडा अभ्यास केला तर कमीत कमी बदलांत गाडी देखणीही होते आणि सुरक्षितही राहते. हा बदल नेमका कसा करावा आणि कोठे थांबावे, याचा हा आढावा.

बैठक ठरते कशावर?

गाडीची बैठक प्रामुख्याने चार गोष्टींवर ठरते. पहिली, टायरचा माथा आणि चाकाची कमान यांमधील उभी पोकळी. दुसरी, टायरची बाहेरची कड कमानीच्या किती आत किंवा किती समपातळीत आहे, ही बाब. तिसरी, पुढची आणि मागची बाजू यांच्या उंचीतील फरक. चौथी, चाकाचा उभा कल, म्हणजेच कॅम्बर.

सर्वसामान्य माणसाला यातील पहिलीच गोष्ट दिसते आणि म्हणून तो थेट उंची कमी करण्याच्या मागे लागतो. प्रत्यक्षात डोळ्याला खटकणारी पोकळी बऱ्याचदा आडवी असते. अरुंद टायर कमानीच्या बराच आत असला की कमानीत काळोख दिसतो आणि गाडी उंच भासते. तेच चाक सेंटिमीटरभर बाहेर आले की, उंची तीच राहूनही गाडी रुंद आणि भक्कम वाटू लागते. म्हणूनच जाणकार मंडळी आधी चाकांना हात घालतात आणि नंतर स्प्रिंगला.

या छंदाला मोठा इतिहास आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात गाड्या खाली बसवून संथपणे मिरवण्याची 'लोरायडर' परंपरा घडवली. रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली असता कामा नये, असा नियम कॅलिफोर्निया राज्याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस केला. त्यावर तोडगा म्हणून गाडी हवी तेव्हा उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा बसवली जाऊ लागली. हे निर्बंध कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून उठवले. जपानमध्ये चाके टोकाची तिरकी करण्याची वेगळी शैली फोफावली. मात्र तेथील वाहन तपासणीत जमीन आणि गाडी यांत किमान ९ सेंटिमीटर अंतर असावे लागते. जर्मनीत बदललेला भाग प्रमाणित असावा लागतो आणि अनेक बदलांची गाडीच्या कागदपत्रांत नोंद करून घ्यावी लागते. थोडक्यात, जेथे हा छंद वाढला तेथे कायद्याशी त्याचे नाते सतत ताणलेलेच राहिले.

कंपनी गाडी उंच का ठेवते?

'कंपनीने गाडी विनाकारण उंच ठेवली आहे' अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती पूर्ण खरी नाही. कंपनीला गाडी पाच माणसे आणि सामान घेऊन, खड्ड्यांतून आणि साचलेल्या पाण्यातून चालवायची असते. मालक मात्र ती रिकामी आणि उभी असताना न्याहाळतो. मागची बाजू किंचित वर ठेवलेली असते तीही याच कारणाने. मागच्या आसनावर तिघे बसले आणि डिकी भरली की तीच गाडी सपाट होते.

आपल्याकडील गतिरोधकांचा हिशेब केला तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. मारुती स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर, २,४५० मिलिमीटर आहे. अशी गाडी या गतिरोधकाच्या मधोमध आली की तिची चारही चाके अजून गतिरोधकाच्या उतारावरच असतात. त्यामुळे गाडीच्या पोटाखाली प्रत्यक्षात साधारण ४४ मिलिमीटर एवढीच मोकळी जागा लागते. असा प्रमाणबद्ध गतिरोधक असेल तर थोडी खाली बसवलेली गाडीही सहज पार होते.

घोडे अडते ते सोसायटीच्या फाटकाजवळ किंवा गल्लीच्या तोंडाशी सिमेंट ओतून केलेल्या उंचवट्यापाशी. तो १५ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम मीटरभर रुंद असेल, तर तो पूर्णपणे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये येतो आणि पोटाखाली सगळे १५० मिलिमीटर अंतर लागते. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर सांगितला जातो. म्हणजे रिकामी गाडी १३ मिलिमीटरने वाचते. तीच गाडी २५ मिलिमीटरने खाली बसवली तर १३८ मिलिमीटर उरतात आणि रिकामी असतानाही तिचे पोट घासते. त्यात माणसे बसली तर विचारायलाच नको. त्यामुळे उंची ठरवण्यापूर्वी आपल्या रोजच्या रस्त्यावरील सर्वांत वाईट उंचवटा मोजून घेणे हे पहिले काम.

सुरुवात चाकांपासून

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ असे आकडे असतात. त्यातील १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ ही टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत. 'आर' म्हणजे रेडियल. यावरून टायरचा एकूण व्यास काढता येतो. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात दोन्ही बाजूंच्या भिंतींची प्रत्येकी सुमारे १२०.२५ मिलिमीटर उंची मिळवली की ६२१.५ मिलिमीटर येतात.

रिम मोठा करताना हा एकूण व्यास कायम ठेवणे हा मुख्य नियम. स्विफ्टच्या खालच्या श्रेणीला १६५/८० आर १४ आणि वरच्या श्रेणीला १८५/६५ आर १५ टायर दिले गेले आहेत. दोघांचे व्यास अनुक्रमे ६१९.६ आणि ६२१.५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास सारखेच. कंपनीनेच येथे रिम एका इंचाने वाढवून टायरची भिंत तेवढी कमी केली आहे. पुढची पायरी म्हणून १९५/५५ आर १६ घेतला तर व्यास ६२०.९ मिलिमीटर होतो. गाडीची उंची बदलत नाही, वेगदर्शक चुकत नाही. पण रिम कमानीत भरून दिसतो. याउलट २०५/५० आर १६ चा व्यास ६११.४ मिलिमीटर होतो. तो दीड टक्क्यांहून अधिक लहान असल्याने गाडी पाच मिलिमीटर खाली येते आणि पोकळी उलट वाढते. 'रुंद टायर म्हणजे भरलेली कमान' हा समज येथे खोटा ठरतो.

रिम मोठा होताना टायरची भिंत बुटकी होते, हे विसरून चालत नाही. १८५/६५ आर १५ मध्ये भिंत १२० मिलिमीटर असते, १९५/५५ आर १६ मध्ये १०७, तर २०५/४५ आर १७ मध्ये केवळ ९२. भिंतीतील हवा ही खड्ड्याविरुद्धची पहिली ढाल. ती जितकी कमी, तितका रिम वाकण्याचा आणि टायरला फुगा येण्याचा धोका अधिक. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्याचा विचार करता, मूळ रिमपेक्षा एक इंचाची वाढ हीच बहुतेक कौटुंबिक गाड्यांसाठी शहाणपणाची मर्यादा ठरते.

आणखी एक आकडा बहुतेकजण वाचतच नाहीत. तो म्हणजे भारांक. आकारानंतर ८८टी असे लिहिलेले असते. ८८ म्हणजे त्या टायरची भारक्षमता ५६० किलो आणि 'टी' म्हणजे कमाल वेग ताशी १९० किलोमीटर. १८५/६५ आर १५ टायर सामान्यतः ८८ भारांकाचा असतो. त्याजागी १९५/५५ आर १६ साध्या प्रकारात घेतला तर भारांक ८७, म्हणजे ५४५ किलो मिळतो. टायर अधिक रुंद असूनही त्याची भारक्षमता कमी झालेली असते. याच आकारात अधिक भार पेलणारा ९१ भारांकाचा टायरही मिळतो. तो ६१५ किलो पेलतो. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी घेऊ नये.

ऑफसेटची गंमत

रिम निवडताना व्यास आणि रुंदीइतकाच महत्त्वाचा असतो तो ऑफसेट. रिमच्या रुंदीचा मध्य आणि रिम हबला जेथे टेकतो तो पृष्ठभाग यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर तो 'ईटी ४५' असा कोरलेला असतो. आकडा जितका लहान, तितके चाक बाहेर.

समजा, मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. त्याऐवजी सहा इंच रुंद आणि ईटी ४० रिम घेतला. अर्धा इंच वाढीचे ६.३५ मिलिमीटर दोन्ही बाजूंना जातात आणि ऑफसेटमुळे चाक आणखी ५ मिलिमीटर बाहेर येते. म्हणजे बाहेरची कड ११.३५ मिलिमीटर पुढे आणि आतली कड १.३५ मिलिमीटर आत. एवढ्या बदलाने गाडीचा चेहरामोहरा बदलतो आणि आतील शॉक अॅब्सॉर्बरला धक्काही लागत नाही. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो, पण तो न करता रिम घेतल्यास टायर कमानीला किंवा शॉक अॅब्सॉर्बरला घासतो आणि मग कमानीची कड ठोकून वळवण्याची वेळ येते.

चाक फार बाहेर काढले तर दिसायला आक्रमक वाटते, परंतु चाकाच्या बेअरिंगवर भाराची तरफ लांब होते आणि त्याचे आयुष्य घटते. खड्ड्याचा प्रत्येक हिसका स्टिअरिंगवर अधिक जाणवतो. एकाच बाजूचे चाक पाण्यात किंवा खडीवर गेले तर ब्रेक मारताना गाडी अधिक ओढ घेते. चिखल आणि खडे पत्र्यावर उडतात ते वेगळेच. टायरची भिंत कमानीच्या समपातळीत, पण आतच राहील, इतपत बदल पुरेसा.

याखेरीज बोल्टच्या छिद्रांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, गाडीशी तंतोतंत जुळला पाहिजे. रिमचे मधले छिद्र हबपेक्षा मोठे असेल, तर मधली पोकळी भरणारी कडी बसवावी. अन्यथा चाक नेमके मध्यावर बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरते. रिमवरील नटाची बैठक शंकूसारखी आहे की गोल, हे पाहून त्याला साजेसे नट वापरावेत. रिमच्या आतल्या बाजूस भारक्षमता आणि मानक चिन्ह कोरलेले आहे का, हेही तपासावे. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह किंवा जपानी 'जेडब्ल्यूएल' चिन्ह नसलेला, केवळ नामांकित कंपनीच्या नक्षीची नक्कल असलेला स्वस्त रिम खड्ड्यात तडकला तर वाचवलेले पैसे क्षणात वाया जातात, आणि त्यावेळी गाडी वेगात असली तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

स्प्रिंग : किती खाली आणि का?

चाके नीट बसवल्यावरही पुढे मोठी पोकळी खटकत असेल तर मग स्प्रिंगचा विचार करावा. बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम ही रचना असते. पुढच्या रचनेला अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांचे नाव आहे. ती १९४० च्या दशकात आकाराला आली. स्वस्त, कमी जागा घेणारी आणि दणकट असल्यामुळे ती आजही सर्वत्र वापरात आहे.

स्प्रिंग गाडीचे वजन पेलते, तर शॉक अॅब्सॉर्बर स्प्रिंगची उसळी आवरतो. दोघांची जोडी कंपनी एकमेकांना जुळवून ठेवते. गाडी उभी असताना चाकाला वर जाण्यासाठी जी वाट शिल्लक असते, ती या साऱ्या प्रकरणातील खरी पुंजी होय. समजा ही वाट ८० मिलिमीटर आहे. गाडी २५ मिलिमीटरने खाली बसवली की ५५ मिलिमीटर उरतात. म्हणजे पुंजीचा जवळपास तिसरा हिस्सा उभ्या उभ्या खर्च झाला. मग तेवढाच खड्डा पचवण्यासाठी स्प्रिंग अधिक कडक हवी. ती कडक नसेल तर चाक रबरी बफरवर आदळते आणि तो धक्का थेट सांगाड्याला बसतो. वळणावर असे झाले तर त्या चाकाची पकड अचानक सुटू शकते.

कापलेल्या स्प्रिंगची गोष्ट याहून वाईट. सहा कार्यरत वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक वेढा कापला तर तिचा कडकपणा २० टक्क्यांनी वाढतो. पण शॉक अॅब्सॉर्बर जुनाच राहतो आणि त्याला ही वाढलेली उसळी आवरत नाही. कापलेले टोक कपात नीट बसत नाही. गाडी जॅकवर घेतली किंवा चाक खोल खड्ड्यात लटकले की आखूड स्प्रिंग कपातून सैल होते आणि वाकडी बसू शकते. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग खाली बसवणे हा तर सरळ गुन्हाच म्हणावा लागेल; कारण त्यामुळे पोलादाचे पाणी उतरते आणि स्प्रिंग कोणत्याही दिवशी तुटू शकते.

योग्य मार्ग म्हणजे त्या मॉडेलसाठीच बनवलेली आखूड स्प्रिंग घेणे. जर्मनीतील आयबाखसारख्या कंपन्या अशा स्प्रिंग बनवतात. त्यातील वेढ्यांमधील अंतर कमी-जास्त ठेवलेले असते, त्यामुळे स्प्रिंग दबत जाते तशी कडक होत जाते. तिच्यासोबत शॉक अॅब्सॉर्बरही त्याच जोडीचे असावेत. निदान जुने शॉक अॅब्सॉर्बर गळत नाहीत ना, याची खात्री करावी. उंची कमी-जास्त करता येणारे 'कॉइलओव्हर' अधिक महाग असतात. त्यांचा खरा उपयोग चारही कोपऱ्यांची उंची बारकाईने जुळवण्यासाठी आहे. गाडी जमिनीला टेकवण्यासाठी नव्हे.

किती खाली, या प्रश्नाचे उत्तर गाड्यांच्या कंपन्यांनीच देऊन ठेवले आहे. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय ही २०२५ मध्ये भारतात आयात होऊन दाखल झालेली गाडी. ती साध्या गोल्फपेक्षा १५ मिलिमीटर खाली असते. ज्यांच्याकडे चाचणीचे ट्रॅक आणि अभियंत्यांची फौज आहे, ते वेगवान गाडीसाठीही १५ मिलिमीटरवर थांबतात. मग कौटुंबिक हॅचबॅक ५० मिलिमीटर खाली आणण्याचा अट्टहास कशासाठी? आपल्या रस्त्यांवर १५ ते २० मिलिमीटर ही मर्यादा मानणे हिताचे.

'गाडी खाली आली की रस्ता अधिक धरते' हा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो अंशतः खरा आहे. गुरुत्वमध्य ५५० मिलिमीटरवर असेल आणि तो २० मिलिमीटरने खाली आला तर वळणावर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणारा भार चार टक्क्यांपेक्षा कमीच घटतो. मॅकफर्सन रचनेत तर गाडी फार खाली आणली की लोअर आर्म उलट दिशेने तिरका होतो आणि गाडी वळणावर झुकण्याची प्रवृत्ती वाढू शकते. म्हणजे थोडे खाली आणण्यात थोडा फायदा आहे. खूप खाली आणण्यात मात्र बरेचसे नुकसानच आहे.

अलाइनमेंटशिवाय काम अपुरे

उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. पुढची चाके वरच्या बाजूने आत झुकतात आणि समोरून पाहता त्यांची दिशाही किंचित बदलते. सुमारे ६२० मिलिमीटर व्यासाच्या चाकात एक अंश कॅम्बर म्हणजे माथा आणि तळ यांत जवळपास ११ मिलिमीटरचा फरक. अर्ध्या-एक अंशाने टायरचे फारसे बिघडत नाही. टायर लवकर झिजतो तो मुख्यतः दिशा चुकल्यामुळे, म्हणजे 'टो' बिघडल्यामुळे. त्यामुळे स्प्रिंग बदलल्यावर दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी चालवून, स्प्रिंग आपल्या जागी बसल्यावर पुन्हा एकदा अलाइनमेंट करून घ्यावी. मागे टॉर्शन बीम असलेल्या गाड्यांत बहुधा कोन बदलण्याची सोयच नसते. त्यामुळे मागे मोठा बदल करू नये, हे ओघानेच आले.

गॅरेजमध्ये एक चूक सर्रास होते. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाके लटकलेली असतानाच घट्ट आवळले जातात. गाडी खाली उतरताच रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात आणि काही महिन्यांत फाटतात. हे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळायला हवेत. हे मेकॅनिकला आधीच सांगावे.

पुढची बाजू मागच्यापेक्षा अधिक खाली आली तर हेडलाइटचा झोत जवळ पडतो. तोही जुळवून घ्यावा. काचेमागे कॅमेरा बसवून आपोआप ब्रेक लावणारी किंवा लेन सांभाळणारी यंत्रणा ज्या नव्या गाड्यांत आहे, तेथे उंची बदलण्यापूर्वी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारणे आवश्यक आहे. कॅमेऱ्याची उंची आणि कोन बदलला की त्याची जुळणी पुन्हा करावी लागू शकते.

कायदा आणि विमा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतील बदल, अशी 'बदल' या शब्दाची व्याख्या या कलमात आहे. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीचे रिम आणि टायर किंवा कंपनीच्या अधिकृत अॅक्सेसरी यादीतील चाके बसवणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. गाडीला मंजुरी देताना ज्या आकारांचा विचार झालेला असतो, त्याच आकारात राहिल्यास प्रश्न उद्भवत नाही. कमानीबाहेर डोकावणारे टायर, कापलेल्या स्प्रिंग आणि टोकाच्या तिरक्या चाकांनी तपासणी अधिकाऱ्याचे लक्ष आपणहून ओढवून घेतले जाते. आखूड स्प्रिंग बसवण्यापूर्वी आरटीओकडे आणि कंपनीच्या सेवा केंद्राकडे विचारणा करून उत्तर लेखी घ्यावे. वॉरंटीच्या काळात सस्पेन्शनला हात लावल्यास त्या भागांवरील हमी नाकारली जाऊ शकते.

विमा कंपनीलाही बदलाची माहिती लेखी द्यावी. अपघातानंतर पाहणी करणाऱ्याने न कळवलेला बदल दाखवून दिला तर दाव्यावर वाद निर्माण होतो. गाडीचे नुकसान एक वेळ भरून काढता येते. पण समोरच्याला इजा झाली असेल तर हा वाद फार महागात पडतो.

काम करताना...

कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी गाडी सपाट जागेवर उभी करून, टायरमध्ये योग्य हवा भरून, चारही चाकांच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवावी. डाव्या-उजव्या बाजूंत मोठा फरक आढळला तर बसलेली स्प्रिंग किंवा झिजलेले बुश हे त्याचे कारण असू शकते. अनेकदा जुन्या गाडीत नवे बुश, नवे स्ट्रट माउंट आणि योग्य टायर एवढ्यानेच बैठक सुधारते आणि पुढच्या खर्चाची गरजच उरत नाही.

त्यानंतर चाके, मग गरज असल्यास स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर, शेवटी अलाइनमेंट, हा क्रम ठेवावा. नवी चाके बसवल्यावर नट हाताच्या अंदाजाने किंवा हवेच्या गनने नव्हे, तर टॉर्क पाना वापरून कंपनीने दिलेल्या मापानुसार आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. गाडीत पाचजण बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, संथ गतीने उंचवट्यावरून न्यावी. कोठे घासल्याचा आवाज आला तर काम अपुरे आहे, असे समजावे. काढलेले मूळ भाग विकू नयेत. गाडी विकताना किंवा तपासणीच्या वेळी त्यांची किंमत कळते.

बदलाची खरी परीक्षा रिकाम्या गाडीच्या छायाचित्रात होत नाही. ती होते गणपतीला कोकणात जाताना. पाच माणसे, भरलेली डिकी, पावसाने धुतलेला घाट आणि अंधारात अचानक समोर आलेला खड्डा. त्या क्षणी चाकाला वर जायला वाट असावी लागते, टायरच्या भिंतीत हवा असावी लागते आणि ब्रेक लावल्यावर गाडी सरळ थांबावी लागते. या साऱ्या गोष्टी शाबूत ठेवून कमानीतील पोकळी जेवढी कमी करता येते, तेवढीच त्या गाडीची योग्य बैठक. त्यापलीकडचा प्रत्येक मिलिमीटर हा डौलासाठी सुरक्षिततेकडून घेतलेली उसनवारी असते, आणि ती फेडण्याची वेळ व स्थळ मालकाच्या हातात नसते.